फवारणी पंपाचा पट्टा

आम्ही तलासरीकडचे, वडील घोलवडच्या चिकूवाड्यांत रोजाने फवारणी करतात. पंपाची १६ लिटरची टाकी भरली की पाण्याचेच ओझे १६ किलो, आणि ते सारे दोन पट्ट्यांवर! उन्हाने नायलॉन कमजोर होते; पट्टा तुटला तर औषध अंगावर सांडते. म्हणून पट्टा ताठर झाला, धागे सुटू लागले की बदलावा.

आधी पंप धुवावा. तेवढ्याच रुंदीची नवी पट्टी कापून टोके मेणबत्तीवर वितळवावीत, म्हणजे ती उसवत नाहीत. टोक कडीतून दुमडून जाड दोऱ्याने चौकोनी शिवण घालावी, मध्ये फुली मारावी. ओढ साऱ्या टाक्यांवर वाटली जाते. गाठ मारू नये, पट्टी तेथेच तुटते. शेवटी साधे पाणी भरून पाहावे.

पाणबुड्याची हवेची टाकीही अशाच पट्ट्यांवर असते. त्याच्या पट्ट्याला जपतात. मजुराच्या पट्ट्याला का जपू नये?