पाणबुड्यांची आई

भुसावळचे रेल्वे स्टेशन आपण पाहिले आहे. गाडी येते, गाडी जाते. आपले लक्ष गाडीकडे असते. पण स्टेशनापासून थोड्या अंतरावर इंजिनांची शेड आहे. तिच्याकडे कोण बघतो? गाडी ओढून थकलेले इंजिन तिथे जाते. त्याची तपासणी होते, तेल घालतात, ढिले झालेले आवळतात. मग ते पुन्हा नव्या दमाने बाहेर पडते. आपल्या एस.टी.चेही तसेच. जळगाव, चोपडा, शिरपूर, धुळे, सगळीकडे डेपो आहेत. डेपो नसता तर एस.टी. चार दिवसांत रस्त्यात बसली असती.

आता आम्ही तुम्हाला एक प्रश्न विचारतो. समुद्रात, जिथे शेड नाही, डेपो नाही, चारी बाजूंना नुसते पाणी, तिथे बोटींची अशी काळजी कोण घेत असेल?

एका वाचनवर्गात आम्ही हा प्रश्न विचारला, तेव्हा एक शेतकरी दादा हसून म्हणाले, "मग डेपोच पाण्यात न्यावा लागेल की!" दादांनी अगदी बरोबर सांगितले. माणसाने तेच केले. त्याने डेपोच जहाजावर चढवला. अशा जहाजाला डेपो जहाज म्हणतात. कोणी त्याला माताजहाजही म्हणतात. आज त्याचीच हकीगत सांगायची आहे. आपली तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, पण खानदेशातल्या पुष्कळ माणसांनी समुद्र पाहिलेला नसतो. म्हणून सावकाश, पायरीपायरीने सांगतो.

पाणबुडी म्हणजे काय?

साधे जहाज पाण्यावर तरंगते. पाणबुडीला पाण्याखाली जाता येते. तिच्या पोटाला बाहेरून मोठाल्या टाक्या असतात. त्यांत समुद्राचे पाणी घेतले की ती जड होऊन बुडते. दाबलेली हवा सोडून ते पाणी बाहेर ढकलले की ती हलकी होऊन वर येते. विहिरीत घागर भरली की बुडते, रिकामी केली की तरंगते. तोच हा प्रकार.

पाण्यावर असताना पाणबुडी डिझेल इंजिनावर चालते. पण इंजिनाला हवा लागते. पाण्याखाली हवा कुठली? म्हणून बुडी मारली की ती बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की हवेसाठी पुन्हा वर यावे लागते, इंजिन चालवून बॅटरी भरावी लागते. जुन्या पाणबुड्या सगळ्या अशाच होत्या. आजही पुष्कळशा अशाच आहेत.

पाणबुडीचे हत्यार म्हणजे टॉर्पेडो. हा लांबट आकाराचा, पाण्यातून स्वतः पळत जाणारा बॉम्ब असतो.

आता त्या पाणबुडीच्या आत डोकावू. एका अरुंद नळकांड्यात पन्नास-साठ माणसे. वर, खाली, दोन्ही बाजूंना यंत्रे. काही जणांचे बिछाने टॉर्पेडोंच्या शेजारीच. गोडे पाणी मोजके, म्हणून आंघोळ नाही. कपडे ओले, हवा कोंदट, सगळीकडे तेलाचा वास. त्यातून समुद्राचे खारे पाणी बॅटरीत शिरले तर विषारी वायू तयार होतो. अशा जागी माणूस किती दिवस राहील? यंत्र तरी किती दिवस टिकेल?

म्हणून पाणबुडीला परतून यायला एक घर लागते.

डेपो जहाजावर काय काय असते?

बाहेरून ते साध्या मालवाहू जहाजासारखे दिसते. पण आत एक लहानसे गावच असते. लेथ असतात, लोखंड वितळवायची भट्टी असते, सुतारांची जागा असते. तुटलेला भाग तिथेच नवा करून बसवतात. तेल आणि गोडे पाणी यांच्या टाक्या असतात. बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी असते. ट्रॅक्टरच्या बॅटरीत आपण घालतो ना, तसेच. पाणबुडीची बॅटरी भरून देण्याची सोय असते. टॉर्पेडोंचा साठा असतो.

हे झाले यंत्राचे. माणसासाठी काय? पावभट्टी असते, मोठे स्वयंपाकघर असते. डॉक्टर आणि दवाखाना असतो. आंघोळीला जागा, धुतलेले कपडे, कोरडा बिछाना असतो. घरून आलेली पत्रेही याच जहाजावर वाट पाहत असतात. आठ-पंधरा दिवसांनी पाणबुडी येते आणि डेपो जहाजाच्या कुशीला लागते. माणसे वर चढतात, पोटभर जेवतात, झोपतात. म्हणून हिला माताजहाज म्हणतात, ते उगाच नाही.

ल्युशिया नावाचे जहाज

अशा एका जुन्या जहाजाची गोष्ट सांगतो. त्याच्या नशिबात किती फेरे आले पाहा.

१९०७ साली इंग्लंडमधल्या हार्टलपूल या बंदरात एक मालवाहू जहाज बांधले गेले. बांधणारे इंग्रज, पण गिऱ्हाईक जर्मन. हॅम्बुर्गच्या एका मोठ्या जहाज कंपनीने ते घेतले आणि नाव ठेवले श्प्रेवाल्ड. सात वर्षे त्याने व्यापार केला. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. कालचे गिऱ्हाईक आजचा शत्रू झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात बर्विक नावाच्या इंग्रज लढाऊ जहाजाने श्प्रेवाल्डला भर समुद्रात धरले.

धरलेल्या जहाजाचे काय करायचे? इंग्रजांना तेव्हा पाणबुड्यांसाठी डेपो हवे होते. मालवाहू जहाजाचे पोट मोठे असते. जिथे पोती आणि पेट्या रचायच्या, तिथे कारखाना मांडता येतो. १९१६ साली ते जहाज डेपो जहाज बनले. नाव बदलून ल्युशिया झाले. युद्ध १९१८ साली संपले, पण ल्युशियाचे काम संपले नाही. पुढेही कित्येक वर्षे पाणबुड्या तिच्या कुशीला येत राहिल्या.

आईच्या घरात रुसवा

जानेवारी १९३१. ल्युशिया इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्ट बंदरात होती. रविवार होता. खलाशांना सुटीची आशा होती. पण हुकूम आला की आज कामावर या. सुमारे तीस खलाशी खालीच बसून राहिले. हुकूम झाला तरी रांगेत आले नाहीत. आरमारात ही साधी गोष्ट नव्हे. तिला बंड म्हणतात. खलाशांना पकडले, काहींवर खटले चालले. पण चौकशीत अधिकाऱ्यांवरही ठपका आला. माणसांच्या मनात काय साचले आहे, हे ओळखणे त्यांचेही काम होते.

गोष्ट लहान, पण विचार करण्यासारखी आहे. जे जहाज दुसऱ्यांना विसावा देण्यासाठी होते, त्याच्याच माणसांना विसावा मिळत नव्हता. दुसऱ्याची काळजी घेणाऱ्याची काळजी कोण घेणार? घरात सगळ्यांना वाढून शेवटी जेवणारी बाई हा प्रश्न बरोबर ओळखेल.

पुढे पंधरा वर्षांनी आपल्या मुंबईत हाच प्रश्न फार मोठ्या रूपाने उभा राहिला. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी 'तलवार' या आरमाराच्या शिक्षणकेंद्रातल्या हिंदी खलाशांनी जेवणावर बहिष्कार टाकला. अन्न वाईट, आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या त्याहून वाईट. त्या अन्नाच्या तक्रारीला स्वातंत्र्याच्या मागणीची जोड होती. थोड्याच दिवसांत सुमारे २०,००० खलाशी संपात सामील झाले. मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार झाला, दोनशेहून अधिक माणसे मेली. आरमार नुसत्या जहाजांवर चालत नाही, माणसांवर चालते, हे त्या दिवसांनी साऱ्या देशाला दाखवले.

ल्युशियाची अखेरही आपल्या बाजूच्या समुद्राशी जोडलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात ती हिंदी महासागरात आली. ५ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी कोलंबो बंदरावर हल्ला केला. ल्युशिया तेव्हा बंदरात होती. तिच्यावर बॉम्ब पडून नुकसान झाले, पण ती बुडाली नाही. युद्धानंतर तिला विकून टाकले आणि पुढे ती मोडीत निघाली.

बुडालेल्यांना कोण काढणार?

डेपो जहाज दुरुस्ती करते. पण पाणबुडी समुद्राच्या तळाशीच अडकली तर? तेव्हा दुसरे एक जहाज लागते. ते सुटकेचे जहाज.

१९३९ साली नऊ-दहा दिवसांच्या अंतराने दोन अपघात झाले. २३ मे रोजी अमेरिकेची स्क्वालस ही पाणबुडी सुमारे २४० फूट खोल बुडाली. आत ५९ माणसे होती. मागच्या भागात पाणी शिरून २६ जण गेले. ३३ जण पुढच्या भागात अंधारात, थंडीत बसून राहिले. फाल्कन नावाचे एक जुने जहाज धावून आले. त्याच्यावर लोखंडाची एक मोठी घंटेसारखी खोली होती. ती दोराने खाली सोडायची, पाणबुडीच्या दारावर घट्ट बसवायची, मग दार उघडून माणसे आत घ्यायची. चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला दोर अडकला आणि काही तास सगळ्यांचे प्राण टांगणीला लागले. पण अखेर तेहतीसच्या तेहतीस माणसे जिवंत वर आली.

१ जूनला इंग्लंडच्या लिव्हरपूलजवळ थेटिस ही पाणबुडी बुडाली. ती नवीनच होती, चाचणीला निघाली होती. आत १०३ माणसे होती. चार जण बाहेर निसटले. मदतीची जहाजे आली, पण उरलेले ९९ जण वाचले नाहीत. पाणबुडीची शेपटी काही वेळ पाण्यावर दिसत होती. किनारा फार दूर नव्हता. तरीही!

योग्य साधन वेळेवर पोचणे म्हणजे काय, ते या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कळते.

आपल्या देशाची अंबा

आता आपल्या घरची गोष्ट. भारताची पहिली पाणबुडी कलवरी ८ डिसेंबर १९६७ रोजी आरमारात आली. ती सोव्हिएत रशियाकडून घेतली होती. कलवरी हे समुद्रातल्या एका मोठ्या माशाचे नाव आहे. पाणबुडी आली, म्हणजे तिला आई हवी. १९६८ सालच्या डिसेंबरात तिचे डेपो जहाजही आले. तेही सोव्हिएत बांधणीचे. त्याचे नाव काय ठेवले असेल? अंबा!

धुळ्याच्या एकविरेला किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी मनुदेवीला जाणाऱ्या माणसांना हे नाव समजावून सांगायला नको. पोटच्यांना जपणारी ती अंबा. या अंबेने २००६ सालापर्यंत, म्हणजे तीन तपांहून अधिक काळ, चाकरी केली. मग ती निवृत्त झाली. आता किनाऱ्यावरच चांगले तळ आणि कारखाने झाले आहेत, म्हणून अशा जहाजांची गरज कमी झाली. मुंबईच्या माझगाव गोदीत तर पाणबुड्याच बांधल्या जातात. तिथे बांधलेली शल्की १९९२ साली आरमारात आली. जुन्या कलवरीचे नाव घेतलेली नवी कलवरी २०१७ साली आली, तीही माझगावचीच.

सुटकेचे जहाज मात्र अजून हवेच. आपले पहिले असे जहाज १९७१ साली आले. त्याचे नाव निस्तार. निस्तार म्हणजे तारून नेणे. ते १९८९ साली निवृत्त झाले. १८ जुलै २०२५ रोजी त्याच नावाचे नवे जहाज विशाखापट्टणमला आरमारात दाखल झाले. हे आपल्याच देशात बांधलेले आहे. त्यावरून एक छोटी बचाव पाणबुडी खाली सोडता येते. ती अडकलेल्या पाणबुडीला जाऊन चिकटते आणि माणसे वर आणते. स्क्वालसच्या वेळच्या त्या लोखंडी घंटेचीच ही नात म्हणायची.

कधी विशाखापट्टणमला जाणे झाले, तर तिथल्या किनाऱ्यावर कुरसुरा नावाची जुनी पाणबुडी पाहायला ठेवली आहे. आत जाऊन पाहता येते. अंगावर येणाऱ्या त्या यंत्रांच्या गर्दीत क्षणभर उभे राहा. मग कळेल की खलाशाला कोरडा बिछाना आणि घरचे पत्र किती मोलाचे वाटत असेल.

लढाईच्या बातमीत पाणबुडीचे नाव येते. डेपो जहाजाचे येत नाही. पोळ्याला आपण बैलाची पूजा करतो, हे फार चांगले करतो. पण ज्याने गाडीचा आख सांधला, ज्याने नाल ठोकली, त्याचीही आठवण त्या दिवशी ठेवावी. काम करणाऱ्याच्या मागे उभे राहून काम करणाराही तितकाच मोठा असतो.

आता सांगा

१. पाणबुडीला वर का यावे लागते?
२. मालवाहू जहाजाचे डेपो जहाज करणे सोपे का गेले?
३. ल्युशियावरचे खलाशी का रुसले? तुम्ही त्यांचे अधिकारी असता तर काय केले असते?
४. तुमच्या गावात पडद्याआड राहून काम करणारे कोण कोण आहेत? त्यांची नावे लिहून काढा आणि वर्गात वाचून दाखवा.