दिवे मंद का झाले?

माझ्याकडे १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. अब्बांनी घेतलेली, म्हणून विकवत नाही. कविता करणाऱ्या माणसाला वायरिंगमधलं काय कळणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. पण एका पावसाळी रात्री आंबा घाट उतरताना गाडीचे दिवे मिणमिणू लागले. वायपर लावला की ते आणखीच बसत. शेजारी बायको, मागे अम्मी. कडेच्या पांढऱ्या दगडांच्या आधारानं, पहिल्या गिअरमध्ये कसाबसा खाली आलो. अम्मीनं सबंध घाटात एक शब्द काढला नाही. तेच जास्त लागलं.

गॅरेजमध्ये बॅटरी बदलली. आठवड्यात पुन्हा तेच. मग सांगण्यात आलं, 'सगळं वायरिंग नवीन टाका.' आकडा ऐकून गाडी घरी आणली. आमच्या गल्लीत एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक चाचा राहतात. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधीच विचारलं, "काय रे, दिव्यापर्यंत गेलेली वीज परत कुठून येते?"

मी गप्प. वीज परत येते, हेच मला ठाऊक नव्हतं!

गाडीत बॅटरीच्या अधिक टोकापासून दिव्यापर्यंत वायर असते. परतीसाठी मात्र बॅटरीपर्यंत वेगळी वायर नसते; गाडीचा पत्राच ते काम करतो. यालाच 'अर्थ' म्हणायचं. वायर पत्र्याला जिथे बोल्टनं आवळलेली असते, तिथे वर्षानुवर्षांचा गंज साचतो आणि वाट अरुंद होते. उजवीकडचा इंडिकेटर लावल्यावर मागचा लाल दिवाही त्याच्याबरोबर लुकलुकतो, हे तुम्ही पाहिलं असेल. आपली वाट बुजली म्हणून तो प्रवाह शेजारच्या बल्बमधून घरी जातो. इंजिन रबरावर बसलेलं असल्यामुळे त्याला पत्र्याशी जोडणारी वेगळी पट्टी लागते. ती तुटली की सेल्फ मारताना चोकची तारसुद्धा तापते.

चाचांनी मल्टिमीटर काढला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट. म्हणजे बॅटरीला चार्ज करणारा अल्टरनेटर निर्दोष. मग दिवे लावून एक टोक बॅटरीच्या वजा टोकाला, दुसरं दिव्याच्या अर्थ वायरला. तिथे ०.२ च्या आत दिसायला हवं; दिसले १.९ व्होल्ट. एवढी वीज परतीच्या वाटेवरच सांडत होती. बल्बचं व्होल्टेज १० टक्के उतरलं, तर उजेड जवळपास ३० टक्के उतरतो. घाटातला अंधार तो हाच.

यात एक गोम आहे. हे मोजमाप दिवा चालू ठेवूनच करायचं. बल्ब काढून मोजलं तर गंजलेल्या वायरवरही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. प्रवाहच नाही, तर अडथळा कळणार कसा? गॅरेजवाल्यांची फसगत बहुधा इथेच झाली असावी.

माझ्या गाडीत कधीकाळी कुणीतरी दिव्यांची आणि वायपरची अर्थ वायर एकाच बोल्टाखाली दाबून ठेवली होती. आधी बॅटरीचं वजा टोक सोडवलं. ते लावलेलं असताना पाना अधिक टोकाला आणि पत्र्याला एकदम लागला, तर ठिणग्या उडतात. बोल्ट काढला, पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, दोन्ही वायरी वेगवेगळ्या आवळल्या, वरून ग्रीस. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद सापडला, तेव्हा मात्र चाचा खरोखर चिडले. "गाडी पेटवायचीय का?" फ्यूज जळतो तो वायर जळू नये म्हणून. त्याच आकड्याचा नवा आणून बसवला.

पुन्हा मोजलं : ०.१. रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून दिवे लावले, वायपर लावला. उजेड हलला नाही. मी बराच वेळ बघत राहिलो. अम्मी दारातून म्हणाली, "आता बंद कर, समोरच्यांना झोपायचंय."