धरण उशाशी, तरी शेत कोरडं का?

गैरसमज : धरण झालं की शिवार भिजतं.

वस्तुस्थिती : देशात सर्वाधिक मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत, तरी राज्यातली बहुतांश शेती अजून पावसाच्याच भरवशावर आहे. धरणातलं पाणी मुख्य कालव्यातून वितरिकेत, तिथून लघुवितरिकेत आणि शेवटी शेतचारीत यावं लागतं. चारीत गवत माजलं, दार मोडलं, वरच्या अंगाला कुणी रात्रीतून पाणी फिरवून घेतलं, की ‘टेल’च्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यापर्यंत नुसता ओलावा पोचतो. पाळी कधी येईल हेच कळत नसेल तर तो द्राक्षबाग लावणार कशी? तो हरभऱ्यावर भागवतो, खताला हात आखडता घेतो, आणि आपण त्यालाच मागासलेला ठरवतो. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो.

नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्याच्या टेलला ओझर आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने १९९१ साली तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या. कालव्याचं पाणी एकरावर नव्हे, तर घनमापनाने मोजून घ्यायचं ठरलं. ते नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडून विहिरींचं पाणी वाढवलं आणि त्या पाण्याचाही हिशेब ठेवला. धरण तेच राहिलं, कालवाही तोच. पण आपल्या वाट्याचं पाणी किती आणि कधी, हे शेतकऱ्याला आधी कळू लागलं. ओझरला द्राक्ष आणि भाजीपाला त्या खात्रीवर वाढला. २००५ साली राज्याने सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा केला, त्याच्या कितीतरी आधीचं हे काम आहे.

गैरसमज : ठिबक बसवलं की पाणी वाचलंच.

वस्तुस्थिती : ठिबकने एकरी पाणी कमी लागतं, हे खरंच. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस उभा राहिला तर बोअरची पातळी खालीच जाणार. शिवाय फिल्टर वेळेवर धुतला नाही की गाळ आणि क्षार ड्रिपरमध्ये बसतात. लॅटरल नळी उचलून पाहा : एका झाडाखाली चिखल, पुढची चार कोरडी. आणि शेतीची वीज रात्रीच्या पाळीत आली तर हे तपासणार कोण? काळोखात, सापा-विंचवाच्या भीतीत? म्हणून दिवसा वीज ही सवलत समजू नये. तीही ठिबकइतकीच गरजेची आहे.

गैरसमज : यंत्रं आली, आता उत्पन्न वाढणारच.

वस्तुस्थिती : यंत्र बांधापर्यंत पोचलं तर. पाणंद अडवलेली असली की पावसाळ्यात ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावरच थांबतो आणि टोमॅटोचे क्रेट डोक्यावरून चिखल तुडवत न्यावे लागतात. ऊस तोडल्यावर वाहतुकीला उशीर झाला तर वजन घटतं, साखरही उतरते. वर्षभराची मेहनत बांध ते डांबरी रस्ता एवढ्या अंतरात वाया जाते.

यावर कायदा आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. शेताला वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मिळावा म्हणून तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ लागू होतं. मात्र त्याखालचा दावा अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. तेव्हा सुगी संपेपर्यंत थांबू नका.