किनाऱ्यावरील खेडे : प्रवास, गुंतवणूक आणि वास्तव्य
(कोकणच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

आष्टा (ता. वाळवा, जि. सांगली) हे कृष्णा व वारणा या दोन नद्यांमधील ऊसपट्ट्याचे गाव. येथील माणसाला समुद्र परका नाही. सह्याद्रीचा एक घाट उतरला की कोकण लागते. सुरुवातीला सहल, मग दरवर्षीचा मुक्काम आणि पुढे ‘निवृत्तीनंतर समुद्रकाठी एक लहानसे घर असावे’ ही इच्छा, असा अनेक सुशिक्षित कुटुंबांच्या विचारांचा क्रम असतो. भविष्य निर्वाह निधीची रक्कम हाती येते तेव्हा या इच्छेला गुंतवणुकीचे रूप येते. प्रवास, गुंतवणूक आणि वास्तव्य या गोष्टी बाहेरून येणाऱ्याला एकच वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येकीचे नियम वेगळे आहेत. ते नियम स्पष्ट करणे आणि गावाच्या दृष्टीने त्यांचा अर्थ काय होतो हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. प्रवास : वाट आणि ऋतू

आष्ट्याहून कोल्हापूरमार्गे कोकणात उतरण्यासाठी आंबा, करूळ, फोंडा आणि आंबोली हे प्रमुख घाट आहेत. आंबा घाटाने रत्नागिरी गाठता येते, करूळ व फोंडा घाटांनी कणकवली-मालवणकडे जाता येते, तर आंबोली घाट सावंतवाडीला उतरतो. कोल्हापूर ते वैभववाडी हा नियोजित रेल्वेमार्ग झालेला नसल्याने देशावरून किनाऱ्यावर जाण्यास रस्ता हाच मुख्य आधार आहे. याउलट मुंबईकरांसाठी २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९७ मध्ये, सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला होता. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी येथील विमानतळाचे उद्घाटन झाले. दळणवळण सुधारले तसतसे किनाऱ्यावरील जमिनीकडे पाहण्याची दृष्टीही बदलत गेली.

प्रवासी साधारणतः ऑक्टोबर ते मे या काळातील कोकण पाहतो. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात, मासेमारी बंद असते, जलक्रीडा थांबतात आणि सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्याही किनाऱ्याला लागतात. म्हणजे पर्यटनावर चालणाऱ्या घराला वर्षातील मोठा काळ उत्पन्नाशिवाय काढावा लागतो. गुंतवणुकीचे गणित मांडताना या कोरड्या महिन्यांचा हिशेब प्रथम करावा लागतो.

२. गुंतवणूक : जमीन कोणाची?

महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. आष्टा परिसरातील अनेक नोकरदारांच्या नावावर वडिलोपार्जित शेती असल्याने ही अट त्यांना अडवत नाही. खरी अडचण पुढे सुरू होते.

जमिनीवर बाहेरच्या माणसाचा हक्क किती असावा, हा प्रश्न केवळ आपला नाही. इंडोनेशियाच्या १९६० च्या मूलभूत कृषी कायद्याने पूर्ण मालकीचा हक्क (‘हक मिलिक’) तेथील नागरिकांपुरता राखून ठेवला आहे. परकीय व्यक्तीला मुदतीचा वापरहक्क किंवा भाडेपट्टा घेता येतो. या बंधनातून वाट काढण्यासाठी बालीसारख्या ठिकाणी स्थानिकाच्या नावावर जमीन घेण्याची प्रथा पडली. परंतु परकीयाकडे मालकी पोहोचवणारा असा व्यवहार कायद्याने निरर्थक ठरतो आणि पैसे देणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. दोन्हीकडील कायद्यांचे स्वरूप भिन्न आहे. मात्र दुसऱ्याच्या नावावर केलेली गुंतवणूक म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवलेली रक्कम, हा बोध आपल्याकडेही लागू पडतो.

कोकणातील मालकीची गुंतागुंत इतिहासातून आली आहे. तेथे खोती पद्धती होती. ती नष्ट करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा १९४९ मध्ये झाला. पुढे कुळकायद्याने कसणाऱ्यांना जमिनी मिळाल्या. मात्र अशा जमिनींच्या हस्तांतरणावर कलम ४३ ची बंधने आली. सिंधुदुर्गात आकारीपड आणि कबुलायतदार गावकर जमिनींचे प्रश्नही दीर्घकाळ चर्चेत राहिले आहेत. त्यात भर सामाईक सातबाऱ्याची. एका गटावर अनेक वारसांची नावे असतात, त्यांतील काही मुंबईत स्थायिक झालेली, तर काही मृत असूनही वारसनोंद न झालेली असतात. झाडे एकाची आणि जमीन दुसऱ्याची, असेही आढळते.

अशा गटातील एका हिस्सेदाराकडून खरेदीखत केले तर खरेदीदाराला अविभक्त हिस्सा मिळतो, ठरावीक तुकडा नव्हे. त्यासाठी वाटप करून घ्यावे लागते. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा घेणाऱ्या परक्या व्यक्तीला तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४४ नुसार संयुक्त ताबाही मागता येत नाही. म्हणून फेरफार नोंदी, ‘इतर हक्क’ हा रकाना, मोजणी नकाशा व वहिवाटीचा रस्ता यांची तपासणी वकिलामार्फत करणे आणि सर्व हिस्सेदारांची लेखी संमती घेणे अगत्याचे ठरते.

३. समुद्राची मर्यादा

समुद्राला लागून असलेली जमीन सर्वांत महाग आणि बांधकामाच्या दृष्टीने सर्वांत बंदिस्त असते. १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने किनारा नियमन क्षेत्र निश्चित केले. २०११ व २०१९ मध्ये नव्या अधिसूचना आल्या. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग पडतात. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोकसंख्या असलेल्या भागात भरतीरेषेपासून ५० मीटर, तर त्याहून विरळ वस्तीच्या भागात २०० मीटरपर्यंतचा पट्टा नवीन बांधकामास वर्ज्य आहे. खाडीकाठासाठी अंतराचे नियम वेगळे आहेत. विशिष्ट जमीन कोणत्या वर्गात मोडते हे मंजूर आराखड्यावरून ठरते. विक्रेत्याच्या शब्दावरून नव्हे.

याच अधिसूचनेत एक महत्त्वाची सवलत आहे. स्थानिक रहिवासी व मच्छीमार यांना आपल्या अस्तित्वात असलेल्या घराचे जोते, रचना व दर्शनी भाग न बदलता पर्यटकांची निवासव्यवस्था करता येते. नवी इमारत बांधण्यापेक्षा जुने, नांदते घर वापरात आणण्याकडे कायद्याचा कल आहे, असा त्याचा अर्थ होतो.

या मर्यादेमागील कारण वादळांनी दाखवून दिले आहे. ३ जून २०२० रोजीच्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड व उत्तर रत्नागिरीत नारळी-पोफळीच्या बागा उन्मळून टाकल्या. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ने सिंधुदुर्ग व रत्नागिरीला तडाखा दिला. घराचे छप्पर महिनाभरात पुन्हा घालता येते. परंतु पोफळ लावून सुपारी हाती येण्यास अनेक वर्षे जातात. बागेतील गुंतवणूक ही अशा प्रकारे एका पिढीची असते.

४. वास्तव्य : घर आणि गाव

कोकणात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही जांभ्याच्या जमिनीत पाणी ठरत नसल्याने एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांच्या विहिरी आटतात. खाऱ्या हवेने लोखंड गंजते, बंद घराला वाळवी लागते आणि कौले दरवर्षी चाळावी लागतात. तज्ज्ञ वैद्यकीय उपचारांसाठी शहर गाठावे लागते, ही बाब निवृत्तांनी विशेष ध्यानात घ्यावी.

याहून महत्त्वाचा प्रश्न गावाचा आहे. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांची बंद घरे कोकणाला नवी नाहीत. परंतु ते गणपतीला आणि शिमग्याला परत येतात, देवळाच्या मानपानात त्यांचा वाटा असतो. बाहेरच्याने घेतलेले बंद घर मात्र गावाला काहीच देत नाही. कुंपण पडले की गुरांची वाट, रापण ओढण्याची जागा आणि किनाऱ्याकडे जाणारी पाणंद आक्रसते. ज्याची जमीन होती तोच त्या जमिनीवर राखणदार होतो.

५. वेळासचा अनुभव

वेगळी वाट रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास या नाना फडणविसांच्या गावाने दाखवली. ऑलिव्ह रिडले कासवे तेथील किनाऱ्यावर अंडी घालतात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साहाय्याने घरट्यांचे संरक्षण सुरू केले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पिल्ले समुद्राकडे जाताना पाहण्यासाठी येणारे पर्यटक ग्रामस्थांच्याच घरी उतरतात व घरचेच जेवण जेवतात. येथे भांडवल म्हणजे राहते घर, सुधारलेली स्वच्छतागृहे आणि गृहिणींचे श्रम. जमीन विकावी लागली नाही. पूर्वी खाण्यासाठी उकरली जाणारी अंडी राखण्यातच गावाचे हित निर्माण झाले. अर्थात हा हंगाम उन्हाळ्याच्या आगेमागे काही आठवड्यांचाच असतो. शेती व नोकरीला तो पूरक ठरतो, पर्याय नव्हे.

निष्कर्ष

१. पर्यटक म्हणून भावलेल्या गावात किमान एक पावसाळा भाड्याने राहिल्याशिवाय खरेदीचा निर्णय घेऊ नये.

२. कोकणातील जमिनीचा खरा प्रश्न किमतीचा नसून हिस्सेदारी, कुळहक्क आणि भरतीरेषेपासूनच्या अंतराचा आहे.

३. मालकीऐवजी दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा, किंवा स्थानिक कुटुंबाच्या न्याहारी-निवास व्यवसायात लेखी कराराने भागीदारी, हे पर्याय अनेकदा अधिक सुरक्षित ठरू शकतात.

४. गुंतवणुकीचे यश परताव्याबरोबरच त्या घरात वर्षभर दिवा लागतो की नाही, यावरही मोजले पाहिजे. आपण ज्या शांत, नांदत्या गावासाठी किनाऱ्यावर जातो, ते गाव तेथील माणसे तेथे टिकली तरच शिल्लक राहणार आहे.