नियमांची कोडी, खोरांची उत्तरं

शब्दकोड्यात ‘नियम’ हे सूचक दिसलं की पेन लगेच टेकवू नये. कायदा, दंडक, शिरस्ता, पायंडा, निर्बंध, संकेत: सगळेच तीन घरांत बसतात. मराठी कोड्यात एका घरात अख्खं अक्षर येतं. काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर सगळं त्यातच. म्हणून ‘शिरस्ता’ची घरं तीनच.

अशा वेळी उभे शब्द आधी सोडवावेत. मधलं अक्षर ‘य’ मिळालं की यांतला ‘कायदा’ एकटाच शिल्लक राहतो.

नियम मोडणारे त्या मानाने सोपे, कारण त्यांची शेपटी सापडते. चार घरं आणि शेवटी ‘खोर’ असेल तर बंडखोर, लाचखोर, दंगेखोर यांतला कोणी तरी. पाच असतील तर दरोडेखोर. ‘गुन्हेगार’साठी ‘आरोपी’ अपेक्षित धरणारा कोडेकार मात्र चुकतोच. आरोप सिद्ध व्हायचा असतो.

सूचकात साल असेल तर इतिहास आठवावा. ‘१९३० साली शिरोड्यात मीठ उचलून केलेला’, घरं पाच: कायदेभंग. ‘सविनय’ धरलं तर घरं नऊ लागतील, तेवढी आधी मोजून घ्या.