हॉटेलातल्या माणसाची युनियन

रविवारी संध्याकाळी घरच्या स्वयंपाकाला रजा देऊन आपण सहकुटुंब हॉटेलात जातो. डोसा कुरकुरीत आहे का, चटणी ताजी आहे का, याची कसून चिकित्सा करतो. पण तो डोसा आणून देणाऱ्या माणसाला आठवड्याची सुटी कोणत्या वारी असते, हे कधी विचारले आहे काय? “अरे, पाणी आण!” एवढाच आपला त्याच्याशी संबंध!

युनियन म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गिरणीकामगार येतो. त्याची पाळी सुटली की तो आपल्या चाळीत जाई. संप झाला तरी खोली त्याची राही. हॉटेलातल्या पोऱ्याचे तसे नाही. तो उडुपी-कुंदापूरकडून कुणा गाववाल्याचा हात धरून मुंबईला येई; आता उत्तरेकडूनही येतो. जेवण भटारखान्यात आणि रात्री टेबले बाजूला सारून तिथेच पथारी. मालक म्हणतो, “मी याला पोटच्या पोरासारखा सांभाळतो.” कित्येकदा ते खरेही असते. पोऱ्यांना रात्रशाळेत पाठवणारे मालक या शहरात होऊन गेले, आणि कपबशा विसळता विसळता स्वतः गल्ल्यावर बसलेले पोरेही. परंतु नोकरी सुटली की त्याच दिवशी जेवण आणि छप्परही सुटते. असा माणूस युनियनची वर्गणी भरायला धजावेल कसा?

कायदे नव्हते असे नाही. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने सात जणांना मिळून युनियन नोंदवण्याची मुभा दिली. राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने संघटना करणे हा मूलभूत हक्कच ठरवला. १९४८ च्या मुंबई दुकाने व संस्था कायद्याने हॉटेलनोकराचे काम दिवसाला ९ तासांवर आणले. आता हे ९ तास सलग असते तर गोष्ट निराळी! सकाळी चहाची गर्दी, दुपारी जेवणाची, मग रात्रीची. मधल्या मोकळ्या वेळात ज्याला घर नाही त्याने जावे कुठे? तो तिथेच बसतो, आणि बसलेला दिसला की त्याला काम सांगितले जाते.

लहान हॉटेलात मुळी सात माणसेच नसत. पण ती सातही एकाच हॉटेलातली हवीत, असे कायदा म्हणत नव्हता. सबंध शहराची मिळून एक युनियन होऊ शकत होती. फक्त हॉटेलाहॉटेलांतून हिंडणारे कुणी हवे होते. १९५० च्या सुमारास मंगळूरचा एक तरुण मुंबईला आला. त्याने मंगळुरातही हॉटेल-कामगारांत काम केले होते. त्याचे नाव जॉर्ज फर्नांडिस. सुरुवातीच्या कित्येक रात्री त्याने चौपाटीच्या बाकावर काढल्या. गोदी कामगारांचे पुढारी प्लॅसिड डिमेलो यांच्या तालमीत तो तयार झाला, आणि हॉटेलवाले, टॅक्सीवाले अशा विखुरलेल्या माणसांना त्याने एकत्र आणले. पथारीचे दुःख त्याला कुणी समजावून सांगायला नको होते.

युनियनने मिळते काय, असे विचारणाऱ्यांनी जयपूरचा एक खटला पाहावा. रामबाग पॅलेस हॉटेल आणि राजस्थानातली हॉटेल-कामगारांची युनियन यांचा वाद १९७६ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. गिऱ्हाइकांकडून सेवेपोटी घेतलेली रक्कम कुणाची? न्यायालय म्हणाले, ती गिऱ्हाइकाने नोकरांना दिलेली आहे. मालकाने दिलेल्या पगारात ती धरता यायची नाही. एकटा वेटर दिल्लीपर्यंत हा वाद नेऊ शकला असता काय?

२०२० च्या टाळेबंदीत हॉटेलांची शटरे खाली आली तेव्हा पगार, जेवण आणि निजायची जागा एकदमच गेली. आज मोठ्या हॉटेलांतून पुष्कळ माणसे कंत्राटदाराची असतात; गणवेशावर नाव हॉटेलचे, पगार मात्र तिसऱ्याच माणसाकडून. अशा माणसाचा खटला उभा राहतो तो बहुधा हजेरीपटावर, पगाराच्या चिठ्ठीवर, नेमणुकीच्या पत्रावर. आणि कित्येकांजवळ यांपैकी एकही कागद नसतो.