बोट एक, याद्या दोन

मोबाइलवर बातम्यांची लांबलचक यादी, तिच्या मधोमध आडवी सरकणारी फोटोंची पट्टी. बोट जरा तिरकं गेलं तर सरकायचं कोणी, यादीने की पट्टीने?

अँड्रॉइडमध्ये हा निवाडा ठरलेल्या क्रमाने होतो. स्पर्श आधी बाहेरच्या घटकाकडे येतो आणि ‘ऑनइंटरसेप्टटचइव्हेंट’ या फंक्शनमधून त्याला तो अडवता येतो. पण बोट टेकताक्षणी तो सहसा हक्क सांगत नाही. साधारण 8 डीपी, म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर सरकेपर्यंत ती हालचाल स्क्रोल मानलीच जात नाही. या उंबरठ्याला ‘टच स्लॉप’ म्हणतात. तो ओलांडल्यावर बाहेरच्याने ताबा घेतला, की आतल्याला ‘कॅन्सल’चा निरोप जातो.

आतला घटकही बाहेरच्याला ‘मध्ये पडू नका’ असं सांगू शकतो. पानं सरकवणाऱ्या ‘व्ह्यूपेजर2’ या घटकामध्ये त्याच दिशेने सरकणारी यादी ठेवली तर हे सांगावंच लागतं. त्यासाठी गूगलने दिलेला ‘नेस्टेडस्क्रोलेबलहोस्ट’ हा नमुना कोड मुद्दाम वाचावा असा आहे. आतली यादी त्या दिशेला अजून सरकू शकते का, हे तो तपासतो. टोक आलं असेल तर बोट पेजरच्या हवाली करतो.

याहून देखणी सोय 2014 च्या लॉलिपॉप या अँड्रॉइड आवृत्तीत आली: नेस्टेड स्क्रोलिंग. इथे ओढाताण नाही, वाटणी आहे! आतली यादी सरकण्याआधी बाहेरच्याला विचारते. तो हवं तेवढं अंतर घेतो, उरलेलं यादी वापरते, तरीही काही उरलं तर ते पुन्हा बाहेरच्याकडे जातं. वरची मोठी शीर्षकपट्टी मिटत जाते आणि बोट न उचलताच खालचा मजकूर सरकू लागतो, तो या वाटणीमुळेच.